आधी सांगाडा पाहा, मग इंजिन उचला
छोट्या गाडीत रोटरी इंजिन बसविण्याचा विचार करणाऱ्या कारागिरांसाठी

गॅरेज लाइनीतील आपल्या तरुणांना सध्या एका इंजिनाने वेड लावले आहे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि पोर्टोरिको या मुलखांत कितीतरी वर्षे एक प्रकार चालत आला आहे. साठ-सत्तर घोड्यांची एखादी जुनी छोटी गाडी घ्यायची, तिचे मूळ इंजिन उतरवायचे आणि त्या जागी जपानच्या माझदा कंपनीचे रोटरी इंजिन बसवायचे. गाडी दिसायला चिमुकली, पण शर्यतीच्या सरळ पट्ट्यावर मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकणारी. आखाती देशांत गॅरेजमध्ये काम करणारे कोकणातले तरुण असोत की मालेगाव, औरंगाबाद, मुंबईतले फिटर असोत, या कामाची चित्रे पाहून त्यांच्या हाताला खाज सुटते. ही हौस वाईट नाही. नवे काम शिकण्याची भूक असल्यावाचून कारागिरी वाढत नाही.

परंतु या कामाविषयी जो प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो, तोच आमच्या मते उलट्या टोकाने विचारला जातो. "कोणते इंजिन घेऊ? किती ताकद निघेल?" असे तरुण विचारतात. वास्तविक पहिला प्रश्न हवा, "कोणती बॉडी घेऊ?" इंजिन चुकले तर ते उतरवून दुसरे लावता येते. बॉडी चुकली तर वेल्डिंग, पत्रा, मजुरी, महिने आणि गिऱ्हाइकाचा विश्वास, सारेच पाण्यात जाते. म्हणून आज या पानावर आम्ही सांगाड्याच्या निवडीविषयी लिहीत आहोत.

हे इंजिन वेगळे का?

रोटरी इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. लांबट गोल आकाराच्या घरात एक त्रिकोणी रोटर फिरतो. रोटरचा एक फेरा पुरा होईपर्यंत शाफ्टचे तीन फेरे होतात आणि शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यास प्रत्येक रोटरचा एक ठोका मिळतो. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून आलेले हे इंजिन एनएसयू कंपनीने १९६४ मध्ये स्पायडर गाडीत बाजारात आणले. त्याच कंपनीच्या १९६७ च्या आरओ ८० गाडीत रोटरच्या टोकांवरील सील लवकर झिजू लागले. हमीपोटी इंजिने बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये तिला आपले स्वतंत्र अस्तित्व गमवावे लागले. एका सीलच्या झिजेने एवढी मोठी पेढी कोसळली, हे आमच्या छोट्या कारखानदारांनीही ध्यानात ठेवावे.

जपानमध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या माझदाच्या अभियंत्यांनाही हाच रोग छळत होता. रोटरच्या घराच्या आतल्या भिंतीवर उठणाऱ्या चऱ्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. कार्बनयुक्त सील बनवून त्यांनी त्यावर मात केली आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी विक्रीस आणली. पुढे १९९१ मध्ये माझदाच्या चार रोटरच्या ७८७बी गाडीने फ्रान्समधील ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. रोटरीची शेवटची स्पोर्ट्स गाडी आरएक्स-८ हिचे उत्पादन २०१२ मध्ये थांबले. २०२३ मध्ये हे इंजिन पुन्हा आले, पण एमएक्स-३० गाडीत वीज निर्माण करण्यापुरते, एकाच रोटरचे, ८३० सीसीचे.

बदलाच्या कामात मुख्यतः दोन इंजिनांची नावे ऐकू येतात. १२ए म्हणजे ५७३ सीसीचे दोन रोटर, एकूण ११४६ सीसी. १३बी म्हणजे ६५४ सीसीचे दोन रोटर, एकूण १३०८ सीसी. १९९१ च्या आरएक्स-७ गाडीत दोन टर्बोंसह १३बी २५५ अश्वशक्ती देत असे. इंजिन आखूड आणि बुटके असल्यामुळे छोट्या बोनेटखाली मावते आणि पुढच्या चाकांच्या रेषेमागे बसविता येते. हीच त्याची मोहिनी आहे.

मात्र या मोहिनीची किंमतही आहे. हे इंजिन पेट्रोल खाते. सीलना वंगण मिळावे म्हणून थोडे तेल मुद्दाम आत सोडले जाते, म्हणजे तेल जळणे हा त्याचा दोष नसून स्वभाव आहे. सायलेन्सरकडे जाणारा धूर फार तापलेला असतो. कमी फेऱ्यांवर ओढ कमी असते. सील गेले की इंजिन पुन्हा बांधावेच लागते. हे सर्व गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे.

सांगाड्याच्या सहा कसोट्या

पहिली कसोटी : ओढ कोणत्या चाकांना आहे? रोटरी इंजिन लांबीत बसते, त्यामागे गिअरबॉक्स, त्यामागे जॉइंटचा शाफ्ट आणि मागचा धुरा. म्हणून मागच्या चाकांना ओढ असलेली गाडीच घ्यावी. मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांच्या गाडीत मध्ये बोगदाच नाही आणि मागे डिफरन्शियल नाही. तिचा तळ कापून बोगदा बनविणे म्हणजे गाडीचा कणा कापणे होय. हे काम करता येते असे सांगणारे भेटतील. परंतु करता येणे आणि करावे असे असणे यांत अंतर आहे.

दुसरी कसोटी : बोगदा आणि क्रॉस मेंबर. इंजिन आखूड असले तरी त्याचा गिअरबॉक्स आखूड नसतो. गिअरची दांडी नेमकी कोठे वर येते, ते आधी मोजा. इंजिनाखालचे तेलाचे चेंबर चपटे आणि पसरट असते, ते क्रॉस मेंबरवर किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांवर टेकते काय, ते पाहा. पैसे देण्यापूर्वी रिकाम्या इंजिनाचे पुठ्ठ्याचे किंवा लाकडाचे माप करून बोनेटखाली ठेवून बघावे. दोन तासांची ही मेहनत दोन महिन्यांची तोडफोड वाचविते.

तिसरी कसोटी : उष्णतेला वाट आहे काय? या इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी तोंडे एकाच बाजूस असतात. त्या बाजूला स्टिअरिंगची दांडी, ब्रेकचा मास्टर सिलिंडर किंवा पेट्रोलची नळी येत असेल तर धोका आहे. शिवाय तेल थंड करण्यासाठी वेगळा कूलर आणि पाण्यासाठी मोठा रेडिएटर लागतो. चिमुकल्या जाळीमागे एवढा पसारा मावत नसेल तर गाडी पहिल्याच उन्हाळ्यात उकळते.

चौथी कसोटी : मागचा धुरा आणि ब्रेक. सत्तर घोड्यांसाठी घडविलेला धुरा दोनशे घोड्यांखाली टिकणार नाही. ब्रेकचेही तसेच आहे. जुन्या छोट्या गाड्यांचे ड्रम ब्रेक त्यांच्या मूळ वेगापुरते असतात. तेव्हा मजबूत धुरा आणि मोठे डिस्क ब्रेक ज्या बॉडीत फारशी कापाकाप न करता बसतात, ती बॉडी घ्यावी. आमचे तर स्पष्ट मत आहे की ब्रेकचे काम पुरे झाल्याशिवाय इंजिन चालू करण्याची घाई कोणी करू नये. चालणारी गाडी बनविणारे पुष्कळ असतात. थांबणारी गाडी बनवितो तो उस्ताद.

पाचवी कसोटी : गंज. या छोट्या गाड्यांना वेगळी चेसिस नसते. पत्र्याची बॉडी हीच चेसिस. दरवाज्याखालचे पट्टे, पुढच्या शॉकच्या कोठ्या, इंजिन धरणारे पुढचे दोन हात आणि मागचा धुरा जेथे बांधलेला असतो ती जागा, या चार ठिकाणी लोहचुंबक लावून बघा आणि हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐका. चुंबक चिकटत नसेल तर रंगाखाली पुट्टी आहे असे समजा. बाहेरचा रंग उडालेला पण पत्रा शाबूत असलेली गाडी ही चकचकीत रंगाच्या पोकळ गाडीपेक्षा शतपटीने बरी.

सहावी कसोटी : कागद. तिच्याविषयी पुढे स्वतंत्र लिहीत आहोत.

मग गाडी कोणती?

ज्या देशांत हे काम चालते तेथील बाजाराचा विचार केला तर आमची पहिली पसंती माझदाच्याच भावंडांना आहे. १९७१ च्या आरएक्स-३ ची बॉडी आणि साध्या पिस्टन इंजिनाच्या माझदा ८०८ ची बॉडी मुळात एकाच घरची. तसेच १९६८ च्या आर१०० रोटरीचे आणि त्या काळच्या साध्या माझदा १२००-१३०० चे नाते आहे. कारखान्यानेच ज्या घराण्यात रोटरीला जागा करून दिली, तेथे कारागिराची निम्मी डोकेदुखी कमी होते. १९७७ ते १९८० च्या मागच्या ओढीच्या माझदा ३२३ चाही विचार करावा. मात्र १९८० नंतर याच नावाची जी गाडी आली तिची ओढ पुढच्या चाकांना आहे, हे विसरू नये. नाव तेच पाहून फसणारे थोडे नाहीत.

दुसरी पसंती १९७८ ते १९८४ च्या टोयोटा स्टारलेटला आणि १९७० च्या सुमाराच्या डॅटसन १२०० व कोरोलाला. या वजनाने हलक्या, मागच्या ओढीच्या आणि साध्या बांधणीच्या आहेत. यांत रोटरी बसविणारे इतके होऊन गेले आहेत की अडचणींची उत्तरे आधीच सापडलेली आहेत. परंतु हलकेपणा हा गुण जसा आहे तसा इशाराही आहे. पातळ पत्र्याच्या गाडीत ताकद तिप्पट केली की बॉडीला पीळ पडतो. आतून मजबुती द्यावी लागते आणि त्याचे वजन व खर्च हिशेबात धरावे लागतात.

आणखी एक गोष्ट. जी जुनी गाडी मूळ इंजिनासह शाबूत आहे, ती या कामासाठी कापू नये. जिचे इंजिन आधीच गेलेले आहे, असा रिकामा सांगाडा शोधावा. शाबूत गाडीला तिच्या मूळ रूपातच चांगले गिऱ्हाईक मिळते.

आपल्या घरचा धडा

इंजिन आणि बॉडी यांचा मेळ ही गोष्ट आपल्याला परकी नाही. १९८४ मध्ये आलेली हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा आठवा. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची ऐसपैस बॉडी आणि तिच्यात ॲम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे जुने इंजिन! गाडी देखणी, पण ओढायला दम नाही. पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसविल्यावर तिच्यात जीव आला. आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने १९८५ मध्ये ११८ एनई काढली. फियाट १२४ च्या घराण्यातील बॉडी आणि निस्सानचे ए१२ जातीचे ११७१ सीसीचे इंजिन. नावातील 'एनई' म्हणजे निस्सान इंजिनच. न्यूझीलंडचे कारागीर ज्या डॅटसन १२०० मधून मूळ इंजिन उतरवून रोटरी बसवितात, ते मूळ इंजिन याच ए१२ जातीचे. म्हणजे ११८ एनईचे इंजिन ज्यांनी बांधले, त्यांनी डॅटसनच्या बोनेटखालचे निम्मे जग आधीच पाहिलेले आहे.

कारखान्यांना जो मेळ साधायला वर्षे लागली, तो गल्लीतल्या गॅरेजमध्ये अंदाजाने साधेल असे कोणी मानू नये.

कागद आणि कायदा

न्यूझीलंडमध्ये अशा बदललेल्या गाडीची नेमलेल्या तपासनिसाकडून तपासणी करून घ्यावी लागते आणि मंजूर झालेल्या बदलांची धातूची पट्टी गाडीवर लागते. ऑस्ट्रेलियात बदलांची नियमसंहिता आहे आणि मान्यताप्राप्त अभियंत्याचा दाखला लागतो. तेथे नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या तरुणांनी पान्यासोबत ही नियमपुस्तकेही शिकावीत. वेल्डिंग येणारे पुष्कळ आहेत. तपासणीत पास होणारे वेल्डिंग करणाऱ्याला पगार जास्त मिळतो.

आपल्या देशात मात्र रस्त्यावरील नोंदणीकृत गाडीत असे इंजिन बसविण्यास वाट नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. इंजिन निकामी झाल्यास त्याच बनावटीचे दुसरे इंजिन परिवहन कार्यालयाच्या मंजुरीने बसविता येते, पण ती वेगळी गोष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. अपघात झाला आणि विमा कंपनीने बोनेट उघडले, तर त्या कुटुंबाच्या हातात काय उरेल, याचा विचार काम घेण्यापूर्वी करावा. "गिऱ्हाइकाने सांगितले म्हणून केले" हे उत्तर ना न्यायालयात चालते, ना अल्लाहपुढे.

म्हणून येथे हे काम करायचेच असेल तर ते बंदिस्त ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीपुरते, शर्यतीचे नियम पाळून करावे. दुसरीकडे, याच कायद्याने मंजूर किट बसवून गाडी सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर नेण्यास वाट ठेवली आहे. अशा किटची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात आणि ती बसविण्याचे काम अधिकृत केंद्रातच व्हावे लागते. बॅटरीसाठी जुनी गाडी निवडताना वरच्याच कसोट्या लागतात : वजन कोठे बसेल, धुरा पेलेल काय, ब्रेक पुरतील काय, पत्रा शाबूत आहे काय, कागद स्वच्छ आहेत काय. ज्याने सांगाडा पारखण्याची विद्या मिळविली, त्याला रोटरी मिळो न मिळो, रोजी मिळेल.

सौदा स्वच्छ असावा

या धंद्यातील खरी भांडणे इंजिनावरून होत नाहीत, हिशेबावरून होतात. मागणीप्रमाणे वस्तू घडवून देण्याच्या कराराला फिक्हमध्ये इस्तिस्ना म्हणतात. हनफी फकीहांनी तो मान्य केला आहे. कोकणातील आपले शाफई बांधव अशा व्यवहाराला सलमचे नियम लावतात. तपशिलासाठी आलिमांना विचारावे, पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. वस्तूचे वर्णन स्पष्ट हवे आणि किंमत ठरलेली हवी. "बघू, होईल तसे देऊ" यालाच गरर म्हणतात आणि त्यातूनच वैर निर्माण होते.

तेव्हा कागदावर लिहा : बॉडी कोणती, तिचा ऐब कोणता, इंजिन नवे बांधलेले की जुने, धुरा कोणता, ब्रेक कोणते, मजुरी किती, सामानाचे भाव वाढल्यास कोण सोसणार, आणि काम कधी संपणार. हिशेबाचे तीन भाग करा : बॉडी, इंजिन आणि बाकीचे सगळे. आमचे सांगणे असे की हे "बाकीचे सगळे" बहुधा पहिल्या दोहोंपेक्षा जड निघते. रेडिएटर, कूलर, धुरा, ब्रेक, नळ्या, वायरिंग, पेट्रोलचा पंप, सायलेन्सर यांचा भाव आधी न विचारता जो अंगावर काम घेतो, तो शेवटी घरचे पैसे घालतो किंवा काम अर्धे टाकतो. गिऱ्हाईक मध्येच मागे फिरले तर बयाना सरसकट गिळू नये. झालेल्या कामाचा आणि आणलेल्या सामानाचा हिशेब मांडून उरलेली रक्कम परत द्यावी.

विक्रीच्या वेळीही हीच नीयत हवी. माझदा ८०८ च्या बॉडीवर आरएक्स-३ ची चिन्हे ठोकून तिला अस्सल आरएक्स-३ म्हणून खपविण्याचा मोह त्या बाजारात मोठा आहे, कारण दोहोंच्या भावात फार अंतर पडते. ८०८ मध्ये रोटरी बसविणे ही कारागिरी आहे. तिला आरएक्स-३ म्हणून विकणे ही दगाबाजी आहे. ऐब उघड करून विकलेल्या मालात नफा कमी दिसतो, पण बरकत त्यातच असते, आणि पुढचे गिऱ्हाईकही त्यातूनच येते.

आपल्या समाजातील हजारो घरांची चूल पान्यावर आणि वेल्डिंगच्या ठिणगीवर पेटते. या हातांना कौशल्याची कमतरता नाही. कमी पडते ती मोजमापाची, लिहून ठेवण्याची आणि वेळीच "नाही" म्हणण्याची सवय. उस्तादांनी शागिर्दांना इंजिन बांधायला शिकवावे, पण त्याआधी त्यांच्या हाती चुंबक, हातोडी आणि फूटपट्टी देऊन एखादा रिकामा सांगाडा पारखायला लावावा. त्या सांगाड्यात जो माणूस बसणार आहे, त्याचा जीव आपल्याकडे अमानत आहे, एवढे ज्या कारागिराला कळले, त्याच्या हातून गाडी बिघडली तरी नाव बिघडणार नाही.